गोधडीचा कोपरा आणि पाटणचे भास्कराचार्य

आमच्या भुसावळच्या गटातल्या एकीची लेक बारावी सायन्सला आहे. ती वही घेऊन बैठकीतच आली. चौरसाची बाजू 10 वरून 11 झाली, तर क्षेत्रफळात प्रत्यक्ष बदल किती? तिने सूत्राने 20 काढले होते, पुस्तकात उत्तर 21. आम्ही कर्ज-व्याजाचे हिशेब करणाऱ्या बाया, पण समोर गोधडी होती. 10 ओळींत 10, असे 100 चौकोनी तुकडे मानले. एका बाजूला 10 लावले, शेजारच्या बाजूला 10. कोपरा उघडाच राहिला! तिथे आणखी एक. झाले 121. सूत्राचे 20 हा वाढीच्या वेगावरून बांधलेला अंदाज. नव्यातून जुने वजा केले की प्रत्यक्ष बदल. वाढ बारीक असली की कोपराही बारीक होतो. बाजू 10.1 केली तर अंदाज 2, प्रत्यक्ष 2.01.

असाच विचार आपल्या जळगाव जिल्ह्याशी नाते असलेल्या भास्कराचार्यांनी केला होता. त्यांचा जन्म 1114 चा. 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला 1150 मध्ये. चंद्राची चाल काढायची सोपी रीत म्हणजे उद्याच्या जागेतून आजची जागा वजा करायची. पण चंद्र कधी दिवसाला सुमारे 12 अंश सरकतो, कधी 15, आणि एका दिवसातही त्याची चाल सारखी नसते. मग एकादशी नेमकी केव्हा संपली, हे दिवसभराच्या चालीवरून कसे सांगणार? म्हणून त्यांनी त्या क्षणाची चाल, तात्कालिक गती, काढायला सांगितली. युरोपात न्यूटन आणि लायब्निझ यांनी याचे पूर्ण शास्त्र उभारले ते पाचशे वर्षांनी.

चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या परिसरात, 1207 च्या सुमाराचा शिलालेख मिळाला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, असे त्यात आहे. शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, आणि त्यांत मठाला बाजारातल्या मालावर काय मिळावे ते लिहिले आहे. म्हणजे शाळेचा खर्च बाजारातून!

लीलावती म्हटले की आपल्याला घटिकापात्रातला मोती आणि मोडलेले लग्नच आठवते. ती गोष्ट फैजीच्या 1587 च्या फारसी भाषांतरातली. मूळ ग्रंथात लीलावतीला गणिते घातली आहेत. ती मात्र आपण लेकींना सांगत नाही.

आमच्या लेकीने पुढचे विचारले: बाजू 10 वरून 9 केली तर? पहिल्या बाजूचे 10 उसवले. दुसऱ्या बाजूचे मोजायला गेलो, तर कोपऱ्याचा तुकडा आधीच निघालेला. उरले 9. म्हणजे घट 20 नव्हे, 19. हे तिने आमच्या आधी सांगितले.