केमोची टोपी: लोकरीकडून सुताकडे

केमोथेरपी घेणाऱ्यांसाठी विणलेली मऊ टोपी ही विणकामातली अगदी अलीकडची चीज आहे, कारण तिची गरजच औषधांनी निर्माण केली. ही औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतात आणि केसांच्या मुळांतल्या पेशी त्याच जातीच्या असल्याने त्याही सापडतात. अनेक औषधांत पहिल्या डोसानंतर दोन-तीन आठवड्यांत केस पुंजक्यांनी गळू लागतात आणि उपचार संपल्यावर काही महिन्यांत पुन्हा उगवतात. मधल्या काळात डोके इतके हुळहुळते की उशीचा अभ्राही टोचतो.

परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, तेव्हा कर्करोगावरचा उपचार म्हणजे शस्त्रक्रिया आणि किरणोपचार. औषधांचे युग त्यानंतरचे. १९४७-४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना अमिनोप्टेरिन दिले. अमेरिकेतल्या ज्या लेडर्ली प्रयोगशाळेतून ते आले, तिथल्या संशोधनाची सूत्रे आंध्रच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. पुढे सायक्लोफॉस्फमाइड आणि लालभडक रंगाचे अ‍ॅड्रियामायसिन वापरात आले. संपूर्ण टक्कल पडणे हा उपचाराचा नेहमीचा भाग झाला तो या औषधांमुळे.

महाराष्ट्रात बाईच्या डोक्यावरून केस जाणे ही केवळ शरीराची बाब कधीच नव्हती. उच्चवर्णीय विधवांच्या केशवपनाची आठवण त्यामागे होती. १८९० मध्ये कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचे ठरवले. विधवेशी विवाह करून रूढीला आव्हान देणाऱ्या धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले. रूढी गेली तरी बोडक्या डोक्याकडे रोखून पाहणारी नजर लगेच गेली नाही. डोक्यावरून पदर घेणारीला झाकण्याची सोय अंगावरच होती. मॅक्सी आणि पंजाबी ड्रेस रोजच्या वापरात आल्यावर टोपी-रुमालाची गरज वाढली, असे म्हणायला हरकत नाही.

टोपी विणण्याचे कसब मात्र तयार होते. लोकर आणि दोन सुया मिशनऱ्यांच्या शाळांतून आल्या, पण मराठी घरांत त्या मुरल्या त्या बाळंतविड्यामुळे. टोपडे, झबले आणि मोजे विणून बाळंतिणीकडे पाठवणे हा मावशी-आत्यांचा मान होता. १९६२ च्या चीन युद्धात याच हातांनी जवानांसाठी स्वेटर विणले. अनोळखी माणसासाठी, मापही न घेता विणण्याचा सराव तिथे झाला. केमोची टोपी या दोन्हींची वारस: घडण टोपड्याची, देणे जवानाच्या स्वेटरसारखे.

लोकर मात्र मुंबईच्या हवेत अडते. सांताक्रूझ उपनगरातल्या वेधशाळेने १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश तापमान नोंदले आहे. २२ जानेवारी १९६२ रोजी तिथलाच पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, पण ती थंडी विक्रम म्हणूनच लक्षात राहिली. परदेशातल्या नमुन्यांवरून जाड लोकरीची टोपी विणली तर ती उपनगरातल्या घामात तासभरही डोक्यावर टिकत नाही. म्हणून मुंबईला मऊ सुती दोराच बरा. डे-केअर वॉर्डात एसीखाली तासन् तास सलाईन घेणाऱ्याला हलक्या अ‍ॅक्रिलिकची टोपी उपयोगी पडते, तेवढाच अपवाद.

क्रोशाने विणताना सुरुवात टाळूपासून होते. मधल्या कडीत १२ खांब, दुसऱ्या फेरीत प्रत्येकावर दोन म्हणजे २४, तिसरीत एकाआड एक वाढवून ३६. चकती १७ सेंटीमीटरच्या आसपास रुंद झाली की वाढवणे थांबवायचे. मग कड आपोआप खाली वळते. केस नसल्याने घेर नेहमीपेक्षा किंचित कमी धरतात. जाळीदार वीण दिसायला सुंदर, पण तिच्यातून टाळू दिसते आणि उन्हाचा चटकाही लागतो, म्हणून वीण घट्ट हवी. शिवण आणि गाठ आतल्या बाजूला येऊ द्यायची नाही; टोके टाक्यांत ओवून लपवायची. मणी, बटणे आणि टोचणारा मोहेर वर्ज्य. डोसानंतर पांढऱ्या पेशी घटून जंतुसंसर्गाची भीती वाढते, त्यामुळे टोपी वारंवार धुता यावी लागते आणि धुऊनही आटू नये. नवी टोपीही धुऊनच द्यायची.

केसांचे टोप हा दुसरा मार्ग. मुंबईत दान केलेल्या केसांपासून टोप बनवून रुग्णांना देणारे उपक्रम आहेत. चांगला टोप महाग पडतो आणि उकाड्यात खाजतो. त्यामुळे लग्नकार्याला किंवा ऑफिसला जाताना टोप, आणि घरी व झोपताना सुती टोपी अशी विभागणी पुष्कळ जणी करतात.