उघडे कार्ड, बंद पाकीट

१ जुलै १८७९ रोजी हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि गरिबाच्या ख्यालीखुशालीला पाय फुटले. पण कार्ड पडले उघडे! आमच्या शहापूर-मुरबाडकडील खेड्यांत ते वाचून दाखविणार पोस्टमन, नाहीतर मास्तर. मग सावकाराचा तगादा असो की सुनेचे दुखणे, कार्डावर आपले 'सर्व क्षेम'! मनातले लिहावयाचे तर बंद पाकीट हवे. तारेला शब्दागणिक पैसे पडत. म्हणून ती बहुधा संकटातच येई आणि तारवाला दिसताच घरात रडारड सुरू होई. वास्तविक तारखात्याच्या ठराविक शुभेच्छांत पहिला क्रमांक दिवाळीचा होता! जुलै २०१३ मध्ये तारही बंद झाली.

आता व्हॉट्सअ‍ॅपच्या घरगुती गटात जोडलेले हात, फेसबुकवर वाढदिवस, इन्स्टाग्रामवर हसरे फोटो. माणसे खोटी झाली, असे लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. चारचौघे वाचणार असले की माणूस 'क्षेम'च लिहितो, ही रीत कार्डाइतकी जुनी आहे. वर्गात मी मुलांना एवढेच सांगतो : ऐन दिवाळीत अवकाळी पावसाने भात आडवा झाला, तर फोटो गटावर खुशाल घाला, पण ज्याचे भात गेले त्या मामाला रात्री फोन करा. बंद पाकिटाची जागा रिकामी ठेवू नका.