चढण, साखळी आणि दंतचक्र : १९११ च्या टुरिस्ट ट्रॉफी शर्यतीचा ऐतिहासिक अन्वयार्थ

प्रस्तावना

मोटारसायकलच्या इतिहासाचे लेखन प्रामुख्याने इंजिनाभोवती फिरत आले आहे. इंजिनाची क्षमता, त्याचे निर्माते व त्याने गाठलेला वेग यांची नोंद तपशिलाने होते. इंजिनात निर्माण झालेली शक्ती मागील चाकापर्यंत कोणत्या प्रमाणात पोहोचते, हा प्रश्न मात्र दुय्यम ठरतो. प्रस्तुत लेखात आयल ऑफ मॅन बेटावरील १९०७ ते १९१४ या काळातील शर्यतींच्या आधारे या दुय्यम मानल्या गेलेल्या प्रश्नाचा विचार केला आहे.

गुणोत्तराचे स्वरूप

साखळीच्या वाहनात पुढील दंतचक्र, म्हणजे स्प्रॉकेट, १५ दात्यांचे व मागील ४५ दात्यांचे असल्यास गुणोत्तर ३ येते. पुढील चक्राच्या तीन फेऱ्यांत चाकाचा एक फेरा पूर्ण होतो. पुढील चक्राचा एकच दाता कमी केल्यास गुणोत्तर ३.२१ होते. चाकावरील ओढ सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि इंजिनाच्या त्याच फेऱ्यांवर मिळणारा वेग जवळजवळ तितकाच घटतो. मागील चक्र ४८ दात्यांचे केल्यासही परिणाम जवळपास तोच असतो. इंजिनाची शक्ती यामुळे वाढत नाही. ओढ व वेग यांची केवळ वाटणी बदलते. सपाटीवर वेगासाठी सोयीचे गुणोत्तर चढणीवर अपुरे पडते आणि चढणीचे गुणोत्तर सपाटीवर इंजिनास विनाकारण पळवते. एकच गुणोत्तर दोन्ही ठिकाणी सारखे उपयोगी पडत नाही.

प्रारंभीची अवस्था

१८९४ मध्ये उत्पादनास आलेल्या जर्मनीतील हिल्डेब्रांड उंड वोल्फम्युलर या मोटारसायकलमध्ये इंजिनाचे दांडे थेट मागील चाकास जोडलेले होते. चाक व इंजिन यांचे फेरे समान असल्याने सुमारे १,५०० घन सेंटिमीटर क्षमतेचे मोठे इंजिन असूनही त्याची शक्ती अल्पच राहिली. पुढे कातडी पट्ट्याचा वापर रूढ झाला. पट्टा साधा, स्वस्त व धक्के शोषणारा होता. परंतु पावसात तो घसरे आणि बहुधा एकच गुणोत्तर देई. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये विकसित केलेली रोलर साखळी सायकलींत स्थिरावली होती, तरी मोटारसायकलींत पट्ट्याचेच प्राबल्य टिकून होते.

नियम आणि रस्ता

१९०७ च्या पहिल्या टुरिस्ट ट्रॉफी शर्यतीत एक-सिलिंडर गटात चार्ली कॉलियर हे मॅचलेसवर ताशी ३८.२१ मैल सरासरी वेगाने विजयी झाले. त्या वर्षी चढणीवर पायटे मारण्याची मुभा होती. म्हणजे इंजिन जेथे कमी पडे, तेथे स्वाराचे पाय ती उणीव भरून काढीत. १९०८ मध्ये पायट्यांना बंदी झाली. १९११ मध्ये शर्यत स्नेफेल पर्वतावरील सुमारे ३७.५ मैलांच्या मार्गावर नेण्यात आली. समुद्रसपाटीलगतच्या रॅम्सी गावापासून हा रस्ता ४०० मीटरहून अधिक उंची गाठतो. बदलत्या गुणोत्तराच्या यंत्रणेस चालना मिळावी, हा या बदलामागील एक हेतू होता.

१९११ चा निकाल

ज्येष्ठ गटाच्या पाच फेऱ्यांच्या शर्यतीत अमेरिकन इंडियन कंपनीच्या वाहनांनी पहिले तीनही क्रमांक पटकावले. ऑलिव्हर गॉडफ्रे, चार्ल्स फ्रँकलिन व आर्थर मूरहाउस हे अनुक्रमे विजेते ठरले; गॉडफ्रे यांचा सरासरी वेग ताशी ४७.६३ मैल होता. या वाहनांत साखळी व दोन गतींची गिअरपेटी होती. या निकालाचे श्रेय केवळ साखळीस देणे मात्र सयुक्तिक नाही. मॅचलेसवरील कॉलियर प्रत्यक्षात दुसरे आले होते. अनधिकृत ठिकाणी इंधन भरल्याने ते बाद ठरले. शिवाय दोन सिलिंडरांच्या वाहनांस नियमाने अधिक क्षमतेची सवलत होती. पुढील निकाल मात्र बोलके आहेत. १९१२ व १९१३ मध्ये साखळी व दोन गती असलेल्या स्कॉटने विजय मिळविला, तर १९१४ मध्ये सिरिल पुलिन यांची विजयी रज पट्ट्यावरच चालत होती; तिच्या कप्पीचा व्यास चालत्या वाहनात बदलता येत असे. साखळी व पट्टा या भिन्न साधनांनी मिळविलेल्या या विजयांतील समान घटक बदलते गुणोत्तर हाच आहे.

निष्कर्ष

१) पर्वतीय मार्गावर इंजिनाच्या क्षमतेइतकेच गुणोत्तराच्या निवडीस महत्त्व प्राप्त झाले.

२) हा बदल केवळ कारखान्यातून आला नाही, पायट्यांवरील बंदी व मार्गाची निवड यांनी तो उत्पादकांवर लादला.

३) साखळी टिकली ती घसरत नसल्यामुळे, तसेच दाते बदलून गुणोत्तर स्वस्तात बदलता येत असल्यामुळे. आजही घाटातील वापरासाठी मागील दंतचक्र बदलणारा कारागीर हाच हिशेब करीत असतो.

यंत्राचा इतिहास केवळ संशोधकांच्या नावांनी पूर्ण होत नाही. ज्या रस्त्याने त्या यंत्राची परीक्षा घेतली, त्या रस्त्याचीही नोंद त्यात असावी लागते.