चौरंगीच्या बागेत सोडलेली गोगलगाय

१/
‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपण वरून गरीब आणि आतून बिलंदर अशा माणसासाठी वापरतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती शब्दशः खरी आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए याने अठराव्या शतकाच्या अखेरीस या प्राण्यांच्या वर्गाला जे ग्रीक नाव दिले, त्याचा अर्थ ‘पोट हाच ज्यांचा पाय’ असा होतो. मराठी पाठ्यपुस्तकांत आपण त्यांना ‘उदरपाद’ म्हणतो. क्युव्हिएचे नावही न ऐकलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी हे निरीक्षण केव्हाच म्हणीत बसवून टाकले होते. आजचा धागा पाळलेल्या गोगलगायींच्या इतिहासावर आहे.

२/
विषय हलका वाटेल. घोडे, हत्ती, शिकारी कुत्रे यांना इतिहासात मानाचे पान असते. गोगलगायीला कोण विचारतो? पण १८४७ साली कलकत्त्यात एका हौशी माणसाने परगावी निघताना आपल्या गोगलगायींचे काय केले, हा प्रश्न २०२२ च्या पावसाळ्यात लातूर-बीडच्या शेतकऱ्याला फार महागात पडलेल्या गोष्टीशी जोडलेला आहे. या धाग्यात ती साखळी क्रमाने पाहू.

३/
प्रथम रोम. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात फुल्व्हियस लिप्पिनस नावाच्या गृहस्थाने गोगलगायींसाठी खास आवारे बांधल्याची नोंद आहे. अर्थात खाण्यासाठी, माया वगैरे काही नव्हती. पण शेतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या व्हारोने एक व्यावहारिक सूचना करून ठेवली आहे : आवाराभोवती सर्व बाजूंनी पाणी असावे, नाहीतर पळालेल्या गोगलगायी शोधत फिरावे लागेल. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कळले होते की हा प्राणी संथ असला तरी जागचा हलत नाही असे नव्हे.

४/
हाच अनुभव डार्विनने १८७१ च्या ‘डिसेंट ऑफ मॅन’ या ग्रंथात नोंदवला आहे. लॉन्सडेल नावाच्या चिकित्सक निरीक्षकाने गोगलगायींची एक जोडी लहानशा, फारसे खाद्य नसलेल्या बागेत सोडली. त्यांतील एक अशक्त होती. धडधाकट होती ती लवकरच नाहीशी झाली. तिच्या चिकट वाटेचा माग भिंतीवरून शेजारच्या भरलेल्या बागेत गेला. आजारी जोडीदाराला टाकून ती गेली, असा लॉन्सडेलचा समज झाला. पण चोवीस तासांनी ती परत आली आणि मग दोघीही त्याच वाटेने भिंतीपलीकडे गेल्या. डार्विनला यात प्राण्यांमधील जिव्हाळ्याची खूण दिसली. मला मात्र यात मुख्यतः ती भिंत दिसते. तिने कोणालाच अडवले नाही.

५/
आता तिसरा प्रसंग, आणि हा माझा सर्वांत आवडता. इजिप्तच्या वाळवंटातून आलेला गोगलगायीचा एक शंख २५ मार्च १८४६ रोजी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एका फलकावर डिंकाने चिकटवण्यात आला. रिकामे कवच समजून. चार वर्षांनी, मार्च १८५० मध्ये, त्याच्या तोंडाशी ताजा पापुद्रा धरलेला कोणाच्या तरी लक्षात आला. शंख सोडवून कोमट पाण्यात ठेवला आणि थोड्या वेळाने गोगलगाय बाहेर आली! तिला कोबीचे पान देण्यात आले, ते तिने खाल्ले. म्युझियमने तिला पाळले, तिचे चित्र काढून घेतले, आणि ती १८५२ पर्यंत जगली.

६/
हा चमत्कार नव्हे. कोरडा काळ आला की गोगलगाय कवचात आत शिरते आणि तोंडावर वाळलेल्या स्रावाचा पडदा ओढून घेते. श्वास, हृदयाची गती, अन्नाची गरज, सारे मंदावते. महिने, क्वचित वर्षे, ती अशीच काढते. पाऊस आला की जागी होते. हे कौशल्य लक्षात ठेवा, कारण जहाजाच्या लांबलचक प्रवासात आणि मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात ते सारखेच उपयोगी पडते.

७/
आता कलकत्ता. विल्यम हेन्री बेन्सन हा ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सनदी सेवेतील अधिकारी. दिवसा सरकारी काम आणि उरलेल्या वेळात शंख-शिंपल्यांचा ध्यास, असा त्याचा क्रम. भारतातील जमिनीवरच्या गोगलगायींच्या कित्येक प्रजातींचे पहिले शास्त्रीय वर्णन त्याच्या नावावर आहे. तेव्हा अडाणीपणाने काही घडले, असे म्हणण्याची सोय नाही. गोगलगायींबद्दल त्या काळी भारतात त्याच्याइतके जाणणारे फार थोडे लोक असतील.

८/
१८४७ साली हा बेन्सन मॉरिशसहून परतताना एका मोठ्या गोगलगायीचे काही मोजके जिवंत नमुने सोबत घेऊन आला. मूळची ती पूर्व आफ्रिकेची. तेथून मादागास्कर आणि मग मॉरिशसपर्यंत माणसांनीच तिला पोहोचवले होते. हातभर नव्हे, पण वीतभर म्हणता येईल इतकी ती वाढू शकते. असा देखणा प्राणी जवळ बाळगण्याचा मोह शंखप्रेमी माणसाला न होता तरच नवल. पुढे कलकत्ता सोडण्याची वेळ आली तेव्हा बेन्सनने त्या गोगलगायी एका परिचिताच्या स्वाधीन केल्या. त्या परिचिताने त्या चौरंगी भागातील बागेत सोडून दिल्या.

९/
एवढेच. कोणाचा दुष्ट हेतू नाही, व्यापार नाही, फायदा नाही. पाळलेल्या जिवाला मारवत नाही आणि सोबतही नेता येत नाही, म्हणून बागेत सोडणे. आपणही कासव, मासे, पोपट यांच्याबाबत हेच करतो आणि वर पुण्य केल्यासारखे समाधान मानतो.

१०/
या गोगलगायीला आज मराठीत ‘शंखी गोगलगाय’ म्हणतात. लांबट निमुळता शंख, त्यावर तपकिरी उभे पट्टे. प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असते, म्हणजे नर-मादी असा भेदच नाही. एका वेळी शंभराहून अधिक अंडी घातली जातात, साबुदाण्यासारखी, ओलसर मातीत. शिवाय एकदा मीलन झाले की शुक्राणू शरीरात साठवून ठेवून पुढे अनेकदा अंडी घालता येतात. म्हणून ‘एकटीच तर आहे, सोडली तर काय होणार’ हा हिशेब या प्राण्याबाबत चालत नाही.

११/
चौरंगीतून ती कलकत्त्याच्या बागांत रुळली आणि पूर्व भारतात पसरली. १९०० च्या सुमारास श्रीलंकेतही तिला एका निसर्गप्रेमीनेच बागेत सोडले. दहा वर्षांत तिथे तिचा उपद्रव सुरू झाला. पुढे मलाया, सिंगापूर, तैवान. कुठे बदकांना खाद्य म्हणून, कुठे माणसाला खाद्य म्हणून, कुठे औषध म्हणून, तर कुठे नुसती हौस म्हणून ती नेली गेली. १९६१ साली आल्बर्ट मीड या अमेरिकी अभ्यासकाने केवळ या एका प्रजातीवर जाडजूड ग्रंथ लिहिला, तेव्हा तिचा प्रवास अर्ध्या जगापर्यंत पोहोचलेला होता.

१२/
अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून एक चकित करणारी गोष्ट पुढे आली. आशिया आणि पॅसिफिकमध्ये तपासलेल्या शंखी गोगलगायींत बहुतांशी एकच वंशप्रकार आढळतो आणि त्याचा माग हिंदी महासागरातील बेटांकडे जातो. लाखो-करोडोंची ही संख्या फार थोड्या पूर्वजांपासून वाढली, असा त्याचा अर्थ. त्या थोड्यांतले काही बेन्सनच्या सामानात होते.

१३/
चौरंगीची गोष्ट जशीच्या तशी पुन्हा घडली ती अमेरिकेत. १९६६ साली हवाई बेटांवरून मायामीला परतणाऱ्या एका मुलाने तीन शंखी गोगलगायी लपवून आणल्या. त्याच्या आजीने त्या बागेत सोडल्या. सात वर्षांत त्यांच्या अठरा हजारांवर गोगलगायी झाल्या. त्या वेचून संपवायला सुमारे दहा लाख डॉलर आणि सुमारे दहा वर्षे लागली. आजीचा दोष काढणे कठीण आहे. सर्वांत विद्वान शंखतज्ज्ञाच्या परिचितानेही तेच केले होते. ब्रिटनमध्ये मात्र हीच गोगलगाय आजही घरात, शाळेच्या वर्गातसुद्धा हौसेने पाळतात. तिथली थंडी तिला बाहेर जगू देत नाही, म्हणून ती हौस तेथे खपून जाते. आपल्याकडचा पावसाळा तिला जणू निमंत्रणच देतो.

१४/
हवाईचे पुढे काय झाले, तेही पाहायला हवे. १९३६ मध्ये शंखी तेथे आली. तिला आवरण्यासाठी १९५५ मध्ये दुसरी, गोगलगायी खाणारी शिकारी गोगलगाय मुद्दाम आणून सोडण्यात आली. तिने शंखीपेक्षा स्थानिक, झाडांवर राहणाऱ्या नाजूक गोगलगायींचाच अधिक फडशा पाडला. त्यांपैकी एका प्रजातीच्या शेवटच्या दहा गोगलगायी १९९७ मध्ये हवाई विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणून जपण्यात आल्या. त्यांच्या पिढीतला शेवटचा जीव म्हणजे ‘जॉर्ज’. तो तेथेच जन्मला, काचेच्या पेटीत सुमारे चौदा वर्षे जगला आणि १ जानेवारी २०१९ रोजी मरण पावला. त्याच्यासोबत ती प्रजाती संपली. तो उभयलिंगी असूनही जोडीदाराविना त्याचा वंश पुढे गेला नाही. पाळलेल्या गोगलगायीला सोडायला जागाच उरलेली नाही, असा हा प्रसंग.

१५/
आता मराठवाडा, २०२२. जून-जुलैमध्ये लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सोयाबीन उगवले आणि रातोरात नाहीसे झाले. कोवळे कोंब, दोन-चार पानांची रोपे शंखी गोगलगायींनी बुंध्यापासून खाल्ली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. काहींची तीही गेली. माणसे पहाटे कंदील-बॅटरी घेऊन बादल्या भरभरून गोगलगायी वेचत आणि मिठाच्या वा चुन्याच्या पाण्यात टाकत. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे बांधाला पसरायची, त्यांखाली जमलेल्या सकाळी उचलायच्या, हा उपाय कृषी खात्यानेही सांगितला. सरकारला या नुकसानीसाठी भरपाई जाहीर करावी लागली. पोटात पाय असलेल्या गरीब जनावराने तीन जिल्हे हलवले होते.

१६/
मी हे हरसूलहून लिहितो आहे : त्र्यंबकेश्वर तालुका, गुजरातच्या सीमेलगत, पावसाचा पट्टा. इथले पीक भात, नागली, वरई. उन्हाळ्यात राब भाजायचा, पहिल्या पावसात त्यावर रोपे तयार करायची आणि मग आवणी. म्हणजे वर्षाची सारी शेती काही आठवडे एका लहानशा कोवळ्या वाफ्यावर अवलंबून असते. शंखी गोगलगायीला नेमके हेच आवडते : ओल, सावली आणि दोन पानांची रोपे. सोयाबीनवाल्याने दुबार पेरणी तरी केली. राब गेला तर आवणीला रोप कुठून आणणार?

१७/
त्यामुळे धागा वाचून ज्यांना गोगलगाय पाळावीशी वाटेल (वाटेल, मला खात्री आहे) त्यांच्यासाठी थोडे कामाचे. शंखी चुकूनही घरी आणू नका आणि मित्राला भेट देऊ नका. तिचा प्रादुर्भाव असलेल्या भागातून रोपांच्या पिशव्या किंवा शेणखत आणताना माती उकरून पाहा. अंडी त्यातून प्रवास करतात. आपल्या बांधावरची, पालापाचोळ्यातली लहान स्थानिक गोगलगाय मात्र पावसाचे काही दिवस पाहुणी म्हणून ठेवता येते. बरणीत दोन-तीन बोटे ओलसर माती, वर जाळीदार फडके, काकडीचा काप, हिरवे पान आणि कवचाच्या बळकटीसाठी अंड्याच्या टरफलाचा चुरा. ऊन नको, मीठ तर मुळीच नको. काचेला चिकटलेली असताना शंख धरून ओढू नका, इजा होते. हाताळल्यावर हात साबणाने धुवा, कारण गोगलगायींच्या अंगात मेंदूला सूज आणणारा कृमी असू शकतो. आणि निरोप देताना जिथून उचलली त्याच जागी, त्याच दगडापाशी ठेवा.

१८/
स्थानिक म्हणजे क्षुल्लक, असे समजू नका. सह्याद्रीतल्या गोगलगायींची मोजदाद अजून सुरूच आहे. सिंधुदुर्गातल्या आंबोलीतून ‘वरदिया आंबोलीएन्सिस’ ही अर्धे कवच असलेली प्रजाती, आणि तिच्यासोबत एक पूर्ण नवी जातकुळी, शास्त्राला प्रथम ठाऊक झाली ती थेट २०२१ साली. बेन्सनने ज्या कामाला हात घातला, ते पावणेदोनशे वर्षांनीही संपलेले नाही.

१९/
एक विनंती. तुमच्या गावात शंखी गोगलगाय प्रथम कोणत्या वर्षी दिसली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि गाव, तालुका, साल यांसह खाली लिहा. कोणत्या नर्सरीच्या रोपांसोबत की खताच्या ट्रॉलीतून, एवढे आठवत असेल तर तेही. नर्सरीवाल्याचे नाव नको.

पुढचा धागा : दक्षिणावर्ती शंखाला प्राणिशास्त्र ‘डावा’ का म्हणते?