भीतीची दवंडी

फळ्याजवळ बोलावले की एखादे पोर गणित येत असूनही थरथरू लागते, आणि त्याच्याच बाकावरचे दुसरे, काही येत नसतानाही, खुशाल हसत उभे राहते. शिक्षकमंडळींनी हे रोज पाहिलेले आहे. आभाळ भरून आले की एका शेतकऱ्याची झोप उडते आणि शेजारचा घोंगडी ओढून निवांत घोरतो, हे तर गावात सर्वांनाच ठाऊक. पहिल्याला आपण ‘भित्रा’ म्हणतो आणि मोकळे होतो. पण हा भित्रेपणा शरीरात राहतो तरी कोठे? त्याचा माग माणसाने कसा काढला, ती हकिकत आज सांगावयाची आहे.

सुरुवात मेंदूपासून झाली नाही. ती झाली मूत्रपिंडांपासून. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी बसलेली असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. १८५५ साली लंडनच्या गायज् हॉस्पिटलातील डॉक्टर टॉमस ॲडिसन यांनी दाखवून दिले की, या ग्रंथी बिघडल्या तर माणूस दिवसेंदिवस खंगतो आणि त्याची कातडी काळवंडते. पुढच्याच वर्षी ब्राउन-सेकार यांनी प्राण्यांच्या या ग्रंथी काढून पाहिल्या. ते प्राणी मेले. १९०१ च्या सुमारास ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी अमेरिकेत याच ग्रंथीतून ॲड्रिनलिन शुद्ध रूपात वेगळे केले. घाबरल्यावर छाती धडधडते, त्यात त्याचा मोठा वाटा. पण ते घडीभराचे काम. आपला विषय आहे ग्रंथीच्या बाहेरच्या सालीतून येणारा दुसरा, सावकाश चालणारा स्राव. माणसात त्याचे नाव कॉर्टिसॉल.

१९३६ साली कॅनडातील माँट्रियल शहरी, मॅकगिल विद्यापीठात, हान्स सेल्ये नावाच्या तरुण संशोधकाने उंदरांना नाना तऱ्हांनी छळून पाहिले. कडाक्याची थंडी, जखम, अतिश्रम, विषारी औषधे. छळ कोणताही असो, परिणाम ठराविक: ही ग्रंथी फुगलेली आणि पोटात व्रण पडलेले. ‘ताण’ हा शब्द आज आपण ऊठसूट वापरतो, त्याचे शास्त्र येथून सुरू झाले.

पुढे १९४८ मध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका रोगी स्त्रीला कॉर्टिसोन टोचले आणि काही दिवसांतच ती चालू लागली. १९५० चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडल आणि राइकश्टाइन या तिघांना मिळाले. मात्र लवकरच डॉक्टरांना वेगळेच दिसू लागले. या औषधावरचे काही रोगी विनाकारण आनंदून जात, काहींची झोप उडे, काहींना धास्ती घेरी, आणि थोड्यांना तर भ्रम होई. (जाता जाता सांगतो: या जातीच्या गोळ्या, ज्यांना ‘स्टेरॉइड’ म्हणतात, त्या दुखण्यावर आजही दिल्या जातात. फार दिवस घेतलेली अशी गोळी आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. बाहेरून आयता पुरवठा मिळाल्याने आपली ग्रंथी सुस्तावलेली असते. ती जागी व्हायला वेळ लागतो.)

दुखणे सांध्यांचे, औषध सांध्यांसाठी, मग मन का ढवळले? तुम्ही दवंडी ऐकलीच असेल. ती साऱ्या गावात फिरते, पण ज्याच्या कामाची असते तोच घरातून बाहेर पडतो. रक्तातून फिरणारा स्राव असाच आहे. तो सगळीकडे पोहोचतो, पण ज्या पेशीत त्याला धरून घेणारा ‘ग्राही’ असतो तीच पेशी हलते. ग्राही म्हणजे एक प्रथिन. स्राव पेशीत शिरून त्याला चिकटला की ती जोडी पेशीच्या केंद्रकात जाते आणि तेथील जनुकांचे काम चालू किंवा बंद करते.

तेव्हा प्रश्न असा उरला, की मेंदूत ही दवंडी ऐकणारे कोण? १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ब्रूस मॅकईवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युक्ती लढवली. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथी काढल्या, म्हणजे त्यांचा स्वतःचा स्राव आड येणार नाही. मग किरणोत्सर्गी खूण केलेला स्राव टोचला आणि तो कोठे साठतो ते पाहिले. सर्वांत जास्त साठला तो हिप्पोकॅम्पस या भागात. वळणदार आकारामुळे समुद्रघोड्याचे नाव मिळालेला हा भाग स्मरणाचे काम करतो. ग्रंथी मूत्रपिंडावर, आणि तिचा कान थेट मेंदूत! मला या साऱ्या हकिकतीत हाच शोध सर्वांत मोठा वाटतो.

१९८५ साली हॉलंडमधील रॉयल आणि द क्लोट यांनी दाखवले की, ऐकणारे दोन जातींचे आहेत. पहिल्या जातीचे ग्राही इतके तिखट कानाचे, की स्राव थोडा असतानाही ते भरलेले असतात. दुसऱ्या जातीचे जागे होतात ते पूर आल्यावर. त्यांचे एक काम पाण्याच्या टाकीतल्या फ्लोटसारखे: टाकी भरली, आता पंप बंद करा, असा निरोप ते देतात. हा निरोप नीट गेला नाही, तर संकट टळले तरी स्राव वाहतच राहतो.

मग १९९९ मध्ये जर्मनीत हायडेलबर्गच्या ट्रोंश, श्यूट्स आदी शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या मज्जासंस्थेत दुसऱ्या जातीचे ग्राहीच नव्हते. तुम्ही म्हणाल, फ्लोट गेला, आता उंदीर भीतीने अर्धमेले होतील. स्राव वाढला खराच. पण उंदीर कमी भित्रे निघाले! नेहमीचा उंदीर उजेडात यायला कचरतो. हे बिनघोर येत. म्हणजे नुसता स्राव किती यावर धास्ती ठरत नाही. पंप बंद करणारे ग्राही गेले तसे मेंदूच्या इतर भागांतले, धास्ती वाढवणारेही गेले. दवंडी जोरात पिटली, पण ऐकायला घरी कोणी नव्हते. एकच ग्राही एका जागी भीती शमवतो आणि दुसऱ्या जागी ती पेटवतो, असे यातून दिसते.

हे ग्राही कमीजास्त होतात कशाने, याचे एक उत्तर पुन्हा मॅकगिलमध्येच मिळाले. मायकेल मीनी यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले की, काही उंदरीण-आया पिलांना भरपूर चाटतात, काही कमी. भरपूर चाटलेल्या पिलांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दुसऱ्या जातीचे ग्राही जास्त असतात आणि ती मोठेपणी कमी घाबरतात. हे रक्तातूनच उतरले असेल, अशी शंका येणारच. म्हणून त्यांनी देवकीची पिले यशोदेकडे दिली. कमी चाटणाऱ्या आईची पिले भरपूर चाटणारीने वाढवली, तर ती दाईसारखीच धीट निघाली. २००४ मध्ये त्यांनी कारणही दाखवले: जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यातील चाटण्याने ग्राहीच्या जनुकावरच्या काही रासायनिक खुणा बदलतात, आणि त्या बदललेल्या राहतात.

माणसाचे काय? २००९ मध्ये याच गटाने आत्महत्या केलेल्या काही व्यक्तींचे मेंदू तपासले. त्यांपैकी ज्यांचा लहानपणी छळ झाला होता, त्यांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये या ग्राहीचे जनुक दबलेले आढळले. ज्यांचा तसा छळ झाला नव्हता, त्यांच्यात ते तसे दबलेले नव्हते. तपासलेले मेंदू थोडेच होते, म्हणून यावरून प्रत्येक भित्र्या मुलाच्या घरच्यांना दोष देणे चूक ठरेल. भित्रेपणाला इतर कारणेही पुष्कळ असतात. पण फळ्याजवळ थरथरणारे ते पोर मुद्दाम थरथरत नसते, एवढे मात्र या दीडशे वर्षांच्या खटाटोपातून कळले आहे.