आधी माणूस, मग विभाग

दिल्लीत नियोजनाचा इतिहास चाळताना मला धनंजयराव गाडगीळ वारंवार भेटतात. १९६७ ते १९७१ या काळात ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. येथे मात्र आठवण करावयाची आहे ती त्यांच्या चिरंजीवांच्या नेमणुकीची.

माधव गाडगीळ १९६९ साली हार्वर्डमधून गणिती परिसरशास्त्रात पीएच.डी. झाले व १९७१ मध्ये पुण्यास परतले. नैसर्गिक निवडीचा विचार समीकरणांतून करणाऱ्यास प्राणिशास्त्राच्या पदावर नेमावे की गणिताच्या? भारतीय विज्ञान संस्थेने हा प्रश्नच उद्भवू दिला नाही. सतीश धवन संचालक असताना, १९७३ मध्ये, बंगळूरच्या या संस्थेने त्यांना सैद्धांतिक अभ्यास केंद्रात घेतले. पत्नी सुलोचनाबाई या हवामानशास्त्रज्ञ, त्यांनाही तेथेच. परिसरशास्त्राचे स्वतंत्र केंद्र निघाले ते १९८३ मध्ये.

आपला प्रशासकीय क्रम याच्या उलट आहे: आधी आकृतिबंध, मग मंजूर पद, मग जाहिरात, शेवटी माणूस. वशिल्याला आळा घालणारा हा क्रम मी टाकाऊ मानत नाही. परंतु जो विषय अद्याप जन्मलाच नाही, त्याचे पद मंजूर कोण करणार? म्हणून प्रत्येक विद्यापीठात थोडी पदे विषयाच्या नावाविना राखावीत. निवड समिती मात्र तितकीच कठोर असावी.