बेंजोची घरघर आणि अर्थिंगची तार

१/ महाराष्ट्रातील गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत वाजणारा बेंजो मूळचा जपानी. गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये नागोया येथे टंकलेखन यंत्रासारख्या कळा असलेले ‘तैशोगोतो’ घडवले. त्याचाच हा वंशज.

२/ ढोल-ताशांच्या गजरात त्याचा नाजूक नाद पुरेना, म्हणून त्याला पिकअप बसला. चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे, ही युक्ती अमेरिकेत जॉर्ज बीचम यांनी १९३१ मध्ये गिटारसाठी सिद्ध केली होती. फेंडरच्या १९५१ च्या बास गिटारचे तत्त्वही तेच.

३/ मात्र हे वेटोळे तारांच्या कंपनासोबत घरगुती विजेची घरघरही टिपते. १९५७ मध्ये फेंडरने बासचा पिकअप दोन परस्परविरोधी वेटोळ्यांत विभागून ती बरीचशी शमवली.

४/ घरी बांधलेल्या वाद्यात मात्र आधी अर्थिंग पाहावे. तारांना बोट लावताच घरघर उतरली, तर तारांचे अर्थिंग शाबूत आहे, उणीव शिल्डिंगची. तारांना स्पर्श करून फरक पडला नाही, पण जॅकच्या धातूला स्पर्श करताच पडला, तर ब्रिजकडे जाणारी तार तुटलेली असते.

५/ हीच तार वादकाचे बोट अ‍ॅम्प्लिफायरच्या सांगाड्याशी जोडते. मे १९७२ मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे गिटारवादक लेस हार्वी यांचा, अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होताच, रंगमंचावरच मृत्यू झाला. म्हणून वाद्य उघडण्यापूर्वी पाहायची ती प्लगची तिसरी पिन; मिरवणुकीतल्या जनरेटरवर तर अवश्य.